रंगमंचावरील गिटार आणि तिचा आवाज

आमच्या वाचकांत आतां अशीं कुटुंबें थोडीं नाहींत कीं, ज्यांच्या दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत आजोबांची पेटी आहे व दुसऱ्या कोपऱ्यांत नातवाची किंवा नातीची विजेची गिटार उभी आहे. पेटीचा स्वर घरांतील सर्वांच्या ओळखीचा. गिटारचें तसें नाहीं. तिच्यासंबंधानें वडील मंडळींची तक्रार बहुधा एकच असते, ती ही कीं आवाज फार मोठा होतो. आणि वाजविणाऱ्या मुलांची तक्रारहि, मौज अशी कीं, एकच असते: स्टेजवर गेल्यावर आपली गिटार आपणांसच ऐकूं येत नाहीं! ह्या दोन्ही तक्रारी वरवर पाहतां परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंचें मूळ एकच आहे. आवाज कोठें तयार होतो, कोठें फुटतो आणि कोठें वाढतो, ह्याची नीट ओळख नसली म्हणजे हातीं एकच उपाय उरतो, तो म्हणजे बटण उजवीकडे फिरविणें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या बटणामागील यंत्राचा, आणि विशेषतः 'इफेक्ट्स लूप' ह्या नांवाच्या एका उपेक्षित सोयीचा, थोडा विस्तारानें विचार करणार आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. विजेच्या गिटारला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. सतारीला भोपळा आहे, तंबोऱ्याला भोपळा आहे, साध्या गिटारला पोकळ पेटी आहे; विजेच्या गिटारला बहुधा नुसतें भरीव लांकूड. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं असतात. वरची पोलादी तार हालली कीं त्या वेटोळ्यांत विजेची एक अगदीं क्षीण लहर उत्पन्न होते. ह्या लहरीचा आवाज करणारा जो ॲम्प्लिफायर, तोच ह्या वाद्याचा भोपळा होय. मुलास गिटार चांगली घेऊन दिली आणि ॲम्प्लिफायर मात्र मिळेल तो घेतला, तर सतारीला पत्र्याचा डबा लावल्यासारखें होईल.

ह्या ॲम्प्लिफायरच्या पोटांत दोन भाग असतात. पहिला भाग (वाजविणारे त्यास 'प्रीॲम्प' म्हणतात) ती क्षीण लहर उचलून घेतो व तिला रंग देतो. बेस, मिडल व ट्रेबल हीं बटणें येथलींच. दुसरा भाग, 'पॉवर ॲम्प', त्या रंगलेल्या लहरीस स्पीकरचा कागदी पडदा हलविण्याइतकें बळ देतो. ह्या दोन भागांमधला जो सांधा, तेथेंच आमचा आजचा विषय बसला आहे.

हा सांधा उघडण्याची गरज कां पडली, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. आवाज मोठा व्हावा पण स्वच्छ राहावा, एवढाच त्यांच्या यंत्रांचा हेतु होता. पुढें लंडनच्या हॅनवेल भागांत ड्रम विकणारे व शिकविणारे जिम मार्शल ह्यांच्या दुकानांत, फेंडरच्या 'बेसमन' ह्या ॲम्प्लिफायरचा नमुना समोर ठेवून, १९६२ सालीं पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला. ड्रमवाल्याच्या दुकानांतून गिटारवाल्यांचें हत्यार बाहेर पडावें, हा योग गमतीचाच म्हणावयाचा. कारण स्टेजवर ह्या दोघांचेंच भांडण पुढें कायमचें जुंपलें. तरुण वादकांस लौकरच असें दिसून आलें कीं, यंत्राकडून त्याच्या कुवतीपलीकडे काम घेतलें म्हणजे आवाज फुटतो, आणि हा फुटलेला आवाज कानांस गोड लागतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली म्हणजे एका स्वराभोंवतीं अनेक स्वर झणझणूं लागतात, तशीच कांहींशी ही क्रिया आहे. मूळ स्वराचे उपस्वर वर येतात व सूर लांबतो. अडचण एवढीच कीं, त्या काळच्या यंत्रांत आवाज मुख्यतः दुसऱ्या, म्हणजे बळ देणाऱ्या, भागांत फुटे. यंत्र जवळजवळ पुरतें उघडल्याखेरीज ती गोडी हातीं लागत नसे. शंभर वॅटचें यंत्र पुरतें उघडणें म्हणजे काय, हें ज्यानें बंद खोलींत एकदां अनुभविलें आहे त्यास सांगावयास नको.

शंभर वॅटांची ही हांव उगाच उत्पन्न झाली नव्हती. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स मंडळी ५५,००० हून अधिक श्रोत्यांपुढें गाइली, तेव्हां त्यांच्या गिटारांसाठीं व्हॉक्स कंपनीनें १०० वॅटचे ॲम्प्लिफायर करून दिले होते, आणि गाणें मैदानावरच्या नेहमींच्या कर्ण्यांतूनच ऐकविलें गेलें. प्रत्येक वाद्यापुढें मायक्रोफोन ठेवून त्याचा आवाज सर्व श्रोत्यांपर्यंत पोंचविण्याची आजच्यासारखी व्यवस्था तेव्हां रूढ नव्हती. गिटारचा आवाज जावयाचा तो वादकाच्या पाठीमागच्या पेटींतूनच. आज ती व्यवस्था साध्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनांतहि आढळते. पण शंभर वॅटांची संवय मात्र पुष्कळांची सुटलेली नाहीं.

ह्यावर तोड निघाली ती १९७० नंतरच्या दशकांत. कॅलिफोर्नियांतील रँडल स्मिथ ह्यांनीं आपल्या 'मेसा बूगी' यंत्रांत पहिल्याच भागांत एकापुढें एक टप्पे जोडून आवाज तेथेंच फोडला, व पुढें एक वेगळें बटण ठेवून तो हवा तेवढाच सोडला. मार्शलनेंहि १९७५ सालीं 'मास्टर व्हॉल्यूम' असलेलें यंत्र काढलें. तेव्हांपासून बटणें दोन झालीं: 'गेन', म्हणजे आवाज किती फोडावयाचा तें, आणि 'मास्टर', म्हणजे तो किती मोठा करावयाचा तें. हा भेद ज्यास कळला त्यास निम्मा विषय कळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु एक व्याधि बरी करतांना दुसरी उपजावी, तसें येथें झालें. प्रतिध्वनि देणारीं यंत्रें व पेडलें वादक लोक गिटार आणि ॲम्प्लिफायर ह्यांच्या मध्यें, म्हणजे आवाज फुटण्याच्या आधीं, जोडीत असत. मूळ स्वर आणि त्याच्या मागून येणारा प्रतिध्वनि हे दोन्ही एकदम फोडणाऱ्या भागांत शिरले, कीं ते परस्परांत मिसळून त्यांचा लगदा होतो. शिवाय हा भाग मोठ्या लहरीस दाबतो व लहानीस वर काढतो. त्यामुळें हळूहळू विरत जावयाचा प्रतिध्वनि विरतच नाहीं, तो मूळ स्वराच्या खांद्यावर चढून बसतो. आमटीला उकळी येण्यापूर्वींच कोथिंबीर टाकून ती घटकाभर शिजविली, तर कोथिंबिरीचा वासहि जातो आणि आमटीचा रंगहि बिघडतो. ती भांडें खालीं उतरवितांना वरून घालावयाची असते. इफेक्ट्स लूप म्हणजे ही उतरवितांना घालण्याची सोय होय.

यंत्राच्या पाठीवर दोन भोंकें असतात. एकावर 'सेंड' व दुसऱ्यावर 'रिटर्न' असें लिहिलेलें असतें. (फेंडरच्या 'हॉट रॉड डिलक्स' ह्या यंत्रावर त्यांस 'प्रीॲम्प आउट' व 'पॉवर ॲम्प इन' अशीं नांवें आहेत, वस्तु तीच.) पहिल्या भागांतून रंगून-फुटून निघालेली लहर 'सेंड'मधून बाहेर येते, पेडलांतून फिरते, आणि 'रिटर्न'मधून दुसऱ्या भागांत शिरते. आतां फुटलेल्या आवाजाचा प्रतिध्वनि होतो; प्रतिध्वनीचा फुटका आवाज होत नाहीं. मेसा बूगी यंत्रांवर ही सोय १९८० च्या सुमारास आली, आणि पुढें ती इतर कारखानदारांनींहि उचलली.

तेव्हां कोणतें पेडल कोठें जोडावें? वाह, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह हीं पुढें, म्हणजे गिटारच्या बाजूस. डिले व रिव्हर्ब हीं लूपमध्यें. कोरस, फेझर वगैरेंस दोन्हीकडे जागा आहे. फेझर पुढेंच शोभतो असें आमच्या कानांस वाटतें, पण ह्यांत वाद घालण्यापेक्षां दोन्हीकडे जोडून पाहणें सोपें. सर्वांसच लूप लागतो असेंहि नाहीं. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मर आपलीं हायवॉट यंत्रें स्वच्छ ठेवीत, आवाज फोडण्याचें काम पेडलाकडून करवीत, व त्याच्या पुढें बिन्सन कंपनीचें प्रतिध्वनि-यंत्र जोडीत. फोडणें आधीं व प्रतिध्वनि मागून, हा क्रम तेथें आपोआपच साधला, मग लूप कशास? उलट, ज्या जुन्या यंत्राचा आवाज शेवटच्या भागांतच फुटतो, त्यास कोणी मागाहून लूप बसवून दिला तरी उपयोग थोडा. कारण फुटणें लूपच्या पुढेंच होणार. तेथें प्रतिध्वनि द्यावयाचा तो मायक्रोफोनच्या पुढें, मिक्सरवर बसणाऱ्या गृहस्थाकडून.

लूप वापरूं लागल्यावर जी पहिली तक्रार येते ती अशी कीं, 'डिले लावला आणि आवाज खरखरूं लागला.' येथें पेडलचा दोष बहुधा नसतो. गिटारमधून येणारी लहर क्षीण असते, व जमिनीवरचीं पेडलें तेवढ्याच लहरीसाठीं केलेलीं असतात. 'सेंड'मधून येणारी लहर तिच्या कैक पटींनीं बळकट असूं शकते. लहान ओढ्यावरच्या पुलावरून नदीचें पाणी सोडावें तशी गत होते. कित्येक यंत्रांवर ह्यासाठीं −१० व +४ असे दोन आंकडे असलेली एक कळ असते. जमिनीवरच्या पेडलांस −१०, व रॅकमध्यें बसविण्याच्या मोठ्या यंत्रांस +४, एवढें लक्षांत ठेवावें. कळ नसेल तर ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागाचा व्हॉल्यूम उतरवून मास्टर चढवावा. परंतु मास्टरचें बटण लूपच्या आधीं आहे कीं नंतर, हें त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेंत पाहून घेतलें पाहिजे. ही पुस्तिका घरोघरीं खोक्याबरोबर माळ्यावर जाते. ती खालीं काढावी.

लूपचेहि दोन प्रकार आहेत. एकांत सर्वच्या सर्व लहर पेडलांतून जाते. दुसऱ्यांत मूळ लहर सरळ पुढें जाते व तिची एक शाखा तेवढी पेडलांकडे वळते, आणि दोन्ही शेवटीं एकत्र होतात. ह्या दुसऱ्या, समांतर, प्रकारांत पेडलचें 'मिक्स' बटण पुरतें उजवीकडे ठेवावें लागतें, म्हणजे पेडलनें नुसता प्रतिध्वनि द्यावा, मूळ स्वर देऊं नये. तसें न केल्यास मूळ स्वर दोन वाटांनीं येतो, दोहोंत अणुमात्र अंतर पडतें, व ते परस्परांस खातात. आवाज पोकळ होतो. मुलगा तारा बदलतो, केबल बदलतो, आणि दोष असतो एका बटणांत!

आतां ज्या चुकीमुळें स्टेजवर सर्वांत अधिक अनर्थ होतो तिच्याकडे वळूं. गेल्या हिवाळ्यांत एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं एक वाद्यवृंद ऐकला. मुलें गुणी होतीं. गाणारी मुलगी तर फारच चांगली. गिटारची एकल फेरी आली, त्या वेळीं वाजविणाऱ्यानें पायाखालचें 'बूस्ट' दाबलें. आवाज जाड झाला, अधिक फुटला, पण मोठा कांहीं झाला नाहीं. त्यानें पुढच्या फेरीस मास्टर चढविला; ड्रमवाल्यानें काठ्या अधिक जोरानें चालविल्या; बेसवाला मागें राहील कसा? चौथ्या गाण्यापर्यंत त्या मुलीचे ओंठ तेवढे हालतांना दिसत होते. तिचे आईवडील पुढच्या रांगेंत बसले होते, आणि तिनें सहा आठवडे ज्याची तयारी केली तें गाणें त्यांच्या कानीं पडलेंच नाहीं. कोणाचा द्वेष नाहीं, कोणाचा उद्दामपणा नाहीं. नुसतें पेडल चुकीच्या जागीं होतें.

कारण उघड आहे. गेन भरपूर ठेवलेला पहिला भाग म्हणजे काठोकाठ भरलेला हंडा. त्यांत वरून आणखी तांब्या ओतला तर पाणी सांडतें, पातळी वाढत नाहीं. बूस्ट पुढें जोडलेलें असलें म्हणजे हेंच होतें. फुटलेला आवाज आणखी फुटतो. तेंच पेडल लूपमध्यें जोडलें म्हणजे फुटून तयार झालेला आवाज जसाच्या तसा उचलला जातो. एकल फेरीपुरते चार-पांच डेसिबेल पुष्कळ होतात. अट एवढीच कीं, दुसऱ्या भागांत तेवढी जागा शिल्लक पाहिजे. मास्टर आधींच टोकास गेला असेल तर तोहि हंडा भरलेलाच.

ह्याच जागेचा एक दुसरा उपयोग आहे, व तो घरांतील वडील मंडळींच्या विशेष हिताचा आहे. 'सेंड' व 'रिटर्न' ह्यांच्या मध्यें एक लहानशी डबी, जींत एक साधें आवाजाचें बटण असतें, बसविली म्हणजे रंग न बिघडवितां सर्व यंत्राचा आवाज उतरवितां येतो. कित्येक यंत्रांचें बटण एकावरून दोनावर नेतांच घर दणाणतें. तेथें ह्या डबीनें फिरविण्यास मोठी जागा मिळते. समांतर लूपमध्यें मात्र ही युक्ति चालत नाहीं, कारण मूळ लहर डबीला वळसा घालून निघून जाते. पायानें चालणारें व्हॉल्यूम-पेडल लूपमध्यें घ्यावयाचें असेल तर तें डिलेच्या आधीं जोडावें. म्हणजे पाय वर घेतला तरी आधींच निघालेला प्रतिध्वनि शांतपणें विरत जातो.

वॅटांविषयींहि एक मोठा भ्रम आहे. पन्नास वॅटचें यंत्र शंभराच्या निम्मा आवाज करतें असें लोक समजतात. वस्तुतः त्या दोहोंत फरक तीन डेसिबेलांचा, म्हणजे कानास जेमतेम जाणवणारा. आवाज दुप्पट वाटावयास सुमारें दहा डेसिबेल लागतात, व त्यास शक्ति दसपट लागते. दिवाणखान्यास पांच वॅटहि पुष्कळ, आणि जेथें मायक्रोफोनची व्यवस्था आहे अशा सभागृहास वीस-चाळीस वॅट पुरतात.

मग स्टेजवर स्वतःची गिटार ऐकूं कां येत नाहीं? बहुधा आवाज लहान असतो म्हणून नव्हे, तर तो कानाकडे येत नाहीं म्हणून. बारा इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज दिव्याच्या झोतासारखा सरळ समोर जातो. पेटी जमिनीवर असली म्हणजे तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो व तेथून थेट पुढच्या रांगेंतील पाहुण्यांच्या कानांवर. वादक ट्रेबल वाढवितो, पाहुणे कपाळास आंठ्या घालतात. पेटी खुर्चीवर ठेवावी, किंवा मागें कलवून तिचें तोंड आपल्या डोक्याकडे करावें. मास्टर मग आपण होऊनच खालीं येतो.

दुसरें कारण कानाच्या घडणींतलें आहे. फ्लेचर व मन्सन ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतांना कानास खर्जाचे स्वर फार कमी ऐकूं येतात, व आवाज वाढला म्हणजे ते एकदम पुढें येतात. मुलगा रात्रीं हळू आवाजांत सराव करतो, तेव्हां त्यास बेस वाढवावासा व मधला आवाज कमी करावासा वाटतो. तींच बटणें तशीच घेऊन तो स्टेजवर जातो. तेथें बेस घुमतो, बेस-गिटारमध्यें बुडतो, आणि ज्या मधल्या पट्टींत गिटारचें खरें बोलणें असतें ती पट्टी त्यानें स्वतःच काढून टाकलेली असते. स्टेजवर बेस कमी, मिडल अधिक, आणि गेन घरच्यापेक्षां थोडा कमी, असें धोरण ठेवावें. साउंडचेकच्या वेळीं प्रथम ड्रम ऐकावे, मग गाणाऱ्याचा आवाज त्यांवर बसवावा, आणि गिटार त्या आवाजाच्या खालीं आणून ठेवावी. सभागृहास जें अधिक हवें असेल तें मायक्रोफोन देईल.

कानांची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्याच्या सरकारी संस्थेचें माप असें आहे कीं, ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसाकाठीं आठ तास सोसावा, व पुढें दर तीन डेसिबेलांस वेळ निम्मा करावा. हिशेब केला तर १०० डेसिबेलांस फक्त पंधरा मिनिटें उरतात. आणि बंद खोलींतील ड्रम व गिटार ह्यांचा सराव १०० पर्यंत सहज जातो. 'द हू' ह्या इंग्रज मंडळीच्या पीट टाउनशेंड ह्यांनीं आपल्या बिघडलेल्या कानांविषयीं उघडपणें सांगितलें आहे. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. सरावास जातांना कानांत घालावयाचे बोळे मुलाच्या गिटारच्या पिशवींत असलेच पाहिजेत, व तें पाहण्याचें काम आईवडिलांचें आहे. शेजाऱ्यांचा प्रश्न आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं बांधला आहे: वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल, आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाहीं. गणेशोत्सवासारख्या प्रसंगीं वर्षांतून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे, तेवढाच अपवाद.

शेवटीं विजेविषयीं. लूप वापरला म्हणजे केबली वाढतात, व पुष्कळदां एक बारीक घूं-घूं सुरू होते. ती घालविण्यासाठीं कित्येक मुलें ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हें कदापि करूं देऊं नये. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी, हातांत गिटार असतांना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, स्टेजवरच मरण पावला. घूं-घूं काढावयाची तर ॲम्प्लिफायर व पेडलें एकाच पाटीवरून जोडावीं, पेडलांस चांगला वीजपुरवठा द्यावा, लूपच्या केबली आंखूड ठेवाव्या. आणि मंगल-कार्यालयाच्या भिंतींतील अर्थिंग खरोखर चालू आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून आधीं पाहून घ्यावें. कार्यक्रम संपल्यावर आधीं मास्टर उतरवावा, मग यंत्र बंद करावें, आणि मगच स्पीकरची तार काढावी. व्हॉल्व्हचें यंत्र स्पीकरवांचून चालू राहिलें तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो, आणि त्याची किंमत मुलाच्या खाऊच्या पैशांतून निघत नाहीं.